तुम्ही विचारलंत म्हणून: कॉर्व्हेटचा क्लच

प्रश्न ठरलेला असतो. "नवी कॉर्व्हेट आली तेव्हा साठ हजार डॉलरच्या आत, पाठीमागे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन असलेली गाडी मिळाली, तीन सेकंदांत ताशी साठ मैल गाठते, आणि तरी ही जुनी कॉर्व्हेटवाली मंडळी रडतात कशाला?" विचारणाऱ्याच्या सुरावरूनच कळतं की उत्तर त्याने आधीच ठरवलंय: म्हातारी माणसं, त्यांना बदल सोसत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, तो जास्त अडचणीचा. "तुम्ही कुणाच्या बाजूचे?" दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी सुटका करून घेतो आणि ते उत्तर मलाच पटत नाही. म्हणून एकदाच, सविस्तर. सी-८ म्हणजे जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची आठवी पिढी (सी-७ सातवी, सी-६ सहावी, असंच मागे); तिच्यात इंजिन बॉनेटखालून चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्याशी गेलं आणि क्लचचं पेडल निघालं. बाकीचं तुम्हाला पाठ आहे, ते इथे उगाळत नाही.

आधी तुमच्या बाजूने बोलण्यासारखं आहे तेवढं बोलून टाकतो. कॉर्व्हेटवाल्यांना कुरकुरायची खोड आहे, हे मान्य. २००५च्या सी-६ला उघडे हेडलाइट आले, १९६२नंतर पहिल्यांदाच, तेव्हा केवढा गहजब झाला. बॉनेटमधून वर येणारे दिवे नसतील तर ती कॉर्व्हेट कसली, असं छातीठोक सांगणारे लोक होते. पुढे विसरले. २०१४च्या सी-७ला कोनाकोनांचे टेललाइट आले तेव्हा त्याहून जास्त आरडाओरडा. १९६१पासून चार गोल दिवे ही मागून ओळखायची खूण होती आणि नवे दिवे शेव्हरोलेच्याच स्वस्तातल्या कॅमॅरो गाडीवरून उचलल्यासारखे दिसत होते. ते तसे दिसत होतेच, त्या तक्रारीत तथ्य होतं. पण आज तीच सी-७ 'शेवटची खरी कॉर्व्हेट' म्हणून शोधत फिरतात आणि दिव्यांचा विषय कुणी काढत नाही.

आडव्या पाट्याचं त्याहून मजेदार. १९६३पासून मागच्या चाकांना आणि सी-४पासून पुढच्यांनाही धक्के झेलायला आडवा बसवलेला स्प्रिंगचा पाटा होता. परके हसायचे, बैलगाडीचं तंत्र म्हणायचे. त्यांना हे सांगून उपयोग नसायचा की १९८१पासून मागचा पाटा फायबरचा आहे, पोलादाच्या चाळीसहून अधिक पौंडांच्या जागी आठेक पौंडांचा, आणि गाडीच्या तळाशी बसतो म्हणून वजन खाली राहतं. आपली मंडळी त्या पाट्यासाठी वर्षानुवर्षं भांडली. सी-८मध्ये पाटा गेला, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आल्या, आणि कुणाच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही.

१९६३च्या दुभंगलेल्या मागच्या काचेची गोष्ट तर तुम्हीच मला ऐकवता. डिझाइनचे प्रमुख बिल मिचेल यांना मधोमध ती पट्टी हवी होती. अभियंता झोरा आर्कस-दुंतोव यांचं म्हणणं, मागचं दिसत नाही. पुढच्याच वर्षी पट्टी गेली. काही मालकांनी तर आपल्या १९६३च्या गाडीची पट्टी करवतीने कापून १९६४ची अखंड काच बसवून घेतली. आता न कापलेली १९६३ची गाडी सोन्याच्या भावाने जाते, आणि २०२४मध्ये सी-८चीच जास्त ताकदवान आवृत्ती, १,०६४ हॉर्सपॉवरची झेडआर-१ आली तेव्हा कार्बन फायबरची तशीच पट्टी मागे पाहून सगळे हरखले. यावरून तुमचा निष्कर्ष असा की आजची ओरडसुद्धा तशीच विरेल.

काचेचं, दिव्यांचं, पाट्याचं विरलं, हे कबूल. क्लचचं विरेल असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण म्हातारपण नाही.

१८ जुलै २०१९ला कॅलिफोर्नियातल्या टस्टिनमध्ये, महायुद्धाच्या काळात फुगीर हवाई जहाजांसाठी बांधलेल्या अवाढव्य हँगरात गाडीवरचा पडदा निघाला. किंमत ऐकून टाळ्या पडल्या. ४९० हॉर्सपॉवर, ट्रॅकसाठीचं झेड-५१ पॅकेज घेतलं तर ४९५. गिअरबॉक्स एकच: ट्रेमेक कंपनीचा, गिअर आपोआप बदलणारा आठ गिअरचा ड्युअल क्लच, टीआर-९०८०. तिसरं पेडल नाही. वरचे पैसे मोजूनही नाही. हातगिअरचा पर्याय नाही अशी याआधीची कॉर्व्हेट म्हणजे १९८२ची.

कंपनीने का काढलं, याबद्दल जेवढ्या अफवा आहेत तेवढी खरी कारणं गुंतागुंतीची नाहीत. तेव्हाचे मुख्य अभियंता टॅज जुक्टर यांनी ती उघडपणे सांगितली आहेत. पहिलं कारण सांगाड्याचं. सी-८चा कणा म्हणजे दोन सीटच्या मधून जाणारा अॅल्युमिनियमचा बोगदा. गाडीचा कडकपणा तो सांभाळतो, म्हणून दाराखालच्या कडा बुटक्या ठेवता आल्या आणि गुडघे धरलेल्या माणसालाही आत बसता येतं. या सांगाड्यात इंडियानातल्या बेडफर्ड इथे ओतलेले सहा मोठे भाग आहेत, त्यांना 'बेडफर्ड सिक्स' म्हणतात. भाग मोठे घेतले की सांधे कमी होतात, आणि सांगाडा ढिला पडतो तो सांध्यांपाशीच. आता हातगिअरचा दांडा बसवायचा तर त्याच कण्याला वरून मोठं भोक पाडायला हवं, दांड्याची यंत्रणा त्यातून खाली न्यायला हवी. कण्याला भोक म्हणजे तिथे पुन्हा धातूची भर, म्हणजे वजन, आणि तरी पहिल्याइतका कडकपणा नाही.

दुसरं कारण पायाशी. इंजिन मागे गेलं म्हणून चालक जवळपास साडेसोळा इंच पुढे सरकला. म्हणजे पुढच्या चाकाच्या जवळ. डावीकडे चाकाचा फुगवटा, उजवीकडे बोगदा, आणि मधल्या जागेत तीन पेडलं व डावा पाय टेकवायला जागा, हे सगळं बसवायचं. दोन पेडलं ऐसपैस बसतात. तिसरं बसवायचं तर कुणाच्या तरी घोट्याला त्रास ठरलेला.

तिसरं कारण पैशाचं, आणि माझ्या मते खरं दुखणं इथे आहे. मागे इंजिन असलेल्या गाडीला ४७० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) झेलणारा हातगिअर लागतो तो बाजारात तयार मिळत नाही. कुणीतरी खास बनवायला हवा. सी-७ घेणाऱ्यांत शेवटच्या वर्षांत हातगिअर घेणारे चौथ्या हिश्शाहूनही कमी उरले होते. तेवढ्या नगांसाठी नवा गिअरबॉक्स कोण ओतणार? ट्रेमेकने ड्युअल क्लच मात्र बनवून दिला, कारण तो प्रत्येक गाडीत जाणार होता.

इथे कुणीतरी हटकून पोर्शेचं नाव काढतो. मधल्या इंजिनाच्या केमनला हातगिअर मिळायचा, मग यांना काय धाड भरली? केमनच्या गिअर बदलायच्या केबल इंजिनाच्या बाजूने मागे जातात हे खरं, आणि गिअर छान पडतात हेही खरं. पण केमनचा हातगिअर ही एका मोठ्या कुटुंबातली वस्तू आहे, त्याचे भाऊबंद दुसऱ्या गाड्यांत जातात. कॉर्व्हेटचा मागे बसणारा गिअरबॉक्स जनरल मोटर्सच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या कामाचा नाही. आणि केमनचा सांगाडा पहिल्या दिवसापासून दांड्याची जागा सोडून आखलेला आहे. सी-८चा नाही.

झालं, कारणं सांगून झाली. सगळी पटण्यासारखी आहेत. पटूनही माणूस का धुमसतो, ते आता सांगतो.

सी-७पर्यंतचा हातगिअर सांभाळणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोघांना जोडणारी लांब नळी. क्लच इंजिनाच्या पाठीला. क्लच दाबणारा सिलिंडर शाफ्टभोवती, घंटेसारख्या घराच्या आत बसलेला, हात न पोचणाऱ्या जागी. क्लच घासला की काळी भुकटी उडते आणि ती हळूहळू सीलमधून हायड्रॉलिक फ्लुइडमध्ये शिरते. बॉनेट उघडून क्लचच्या छोट्या टाकीचं झाकण काढलं की फ्लुइड मधाच्या रंगाचं दिसायला हवं. चहासारखं दिसलं की समजायचं, वेळ झाली. काळंकुट्ट झालं तर एक दिवस इंजिन वर चढलेलं असताना, मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांवर गिअर बदलायला जाल आणि पेडल तळाला चिकटून बसेल, वर येणारच नाही.

उपाय कुठल्याही पुस्तकापेक्षा मालकांनीच एकमेकांना शिकवला. आधी झाकणाभोवतीचा भाग पुसून घ्यायचा, नाहीतर बाहेरचीच धूळ आत जाते. मोठ्या सिरिंजने टाकीतलं फ्लुइड ओढून घ्यायचं, टाकीचा तळ पुसायचा, ताजं डॉट-४ फ्लुइड भरायचं, झाकण लावायचं, आणि क्लच पेडल पंधरा-वीस वेळा पूर्ण खालपर्यंत दाबायचं, म्हणजे खालचं घाण फ्लुइड वर येऊन मिसळतं. पुन्हा झाकण काढायचं. ताजं भरलेलं फ्लुइड आतापर्यंत काळपटलेलं असतं. पुन्हा ओढायचं, पुन्हा भरायचं. रंग टिकेपर्यंत हेच. एक बाटली पुरेल असं वाटतं, पुरत नाही. दोन घेऊन बसावं. फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उचलतो, म्हणून फेंडरवर फडकं आणि शेजारी पाण्याची बादली. सिरिंज फक्त याच कामाची ठेवायची. तिच्यात पेट्रोल किंवा इंजिन ऑइलचा थेंब जरी राहिला तरी सील फुगतात.

हे करायचा कंटाळा केला आणि क्लचच गेला, तर मात्र गाडी लिफ्टवर. सायलेन्सर खाली, बोगद्याखालचा पत्रा खाली, मागचा सबफ्रेम आणि गिअरबॉक्स खाली, ती लांब नळी खाली, तेव्हा कुठे क्लच दिसतो. मजुरीच्या बिलाचा आकडा पाहून भले भले गप्प होतात.

म्हणजे हातगिअर ही कटकट होती, हे मी नाकारत नाही. पण त्याच सी-७मधला आठ गिअरचा ऑटोमॅटिक निर्धोक होता असंही नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये थरथर सुटायची, रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. तेल ओलावा धरत होतं. शेवटी कंपनीनेच वेगळं तेल नेमून दिलं आणि जुनं धुऊन काढायला सांगितलं. थरथर कन्व्हर्टरची होती, त्यामुळे हातगिअरवाले त्यातून वाचले, आणि त्याचा थोडा माजही त्यांना होता.

पूर्वी मी नेमका तुमच्यासारखाच बोलायचो. माझा आवडता मुद्दा १९५३चा. पहिल्या वर्षीच्या तीनशे कॉर्व्हेट, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि एकूण एक गाडीत दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. म्हणजे गाडी जन्मलीच क्लचशिवाय, मग क्लच म्हणजे कॉर्व्हेट असं कुठल्या तोंडाने म्हणता? हा मुद्दा मी वादात बऱ्याच जणांच्या तोंडावर फेकला आहे. फेकायला छान आहे. पण त्यावरचं उत्तरही तेव्हाच माझ्यासमोर होतं: तो ऑटोमॅटिक आणि ते सहा सिलिंडरचं इंजिन, या दोन गोष्टींमुळेच गाडी मरायला टेकली होती. १९५५ला व्ही-८ आला, त्याच वर्षी शेवटी तीन गिअरचा हातगिअर आला, आणि दुंतोव यांनी तिला शर्यतीच्या लायकीची केली. लोकांनी प्रेम केलं ते या दुरुस्त केलेल्या गाडीवर.

मग मी दुंतोव यांनाच साक्षीला बोलवायचो. मधल्या इंजिनाचं वेड त्यांचंच. १९६०ची प्रायोगिक गाडी सर्व्ह-१, १९६४ची चारही चाकं फिरवणारी सर्व्ह-२, पुढे १९७०च्या न्यूयॉर्क प्रदर्शनातली एक्सपी-८८२. १९७५ला निवृत्त होईपर्यंत ते त्यासाठी भांडत होते आणि कंपनी नाही म्हणत होती. सी-८ म्हणजे त्यांचं राहिलेलं काम. हे अजूनही मला पटतं. अडचण एवढीच की दुंतोव दोन्ही पक्षांना साक्षीदार म्हणून चालतात. मधलं इंजिनही त्यांना हवं होतं आणि १९५७ला चार गिअरचा हातगिअर आणि फ्युएल इंजेक्शन एकत्र आलेली गाडीही त्यांच्याच हाताखालची. ते आज असते तर काय म्हणाले असते, यावर पैज लावणाऱ्या दोन्ही बाजूंना मी आता गप्प बसायला सांगतो.

आकड्यांच्या मुद्द्यावर मात्र माझी जुनी बाजू पक्की आहे. २०१९ची सी-७ झेडआर-१ घ्या: ७५५ हॉर्सपॉवर, किंमत १,१९,९९५ डॉलर, ताशी साठ मैल गाठायला २.८५ सेकंद. सी-८ झेड-५१: ४९५ हॉर्सपॉवर, जवळपास अर्ध्या किमतीत, २.९ सेकंद. अडीचशेहून अधिक हॉर्सपॉवर कमी आणि फरक डोळ्याचं पातं लवण्याइतका. पुढे इंजिन ठेवून मागच्या टायरवर आणखी ताकद ओतण्यात अर्थ उरला नव्हता. टायर जागच्या जागी फिरत होते. सी-८चं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर आहे, म्हणून ती निघते. याला भावनेने उत्तर देता येत नाही. पण ज्याला रविवारी सकाळी डोंगरातल्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाच-बोट करत (एकाच पायाने ब्रेक आणि अॅक्सिलरेटर सांभाळत) यायचं होतं, त्याने साठ मैलांचा वेळ कधी विचारलाच नव्हता. त्याला २.९ सांगून तुम्ही त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नसतं.

सी-८मध्ये क्लच अगदीच गेला असंही नाही. स्टीअरिंगमागची दोन्ही पॅडलं एकदम ओढून धरा, क्लच सुटतो, सोडा, लागतो. गाडी फिरवून मिरवायला बरं आहे. ज्याला पाय हवा होता त्याच्या हातात हे दिलं की तो जास्तच चिडतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि हा नवा गिअरबॉक्स निर्वेध चालला असं समजू नका. सुरुवातीच्या वर्षांत बिघाड झाले. त्याच्या आतलं हायड्रॉलिक काम अतिशय बारीक छिद्रांवर चालतं. नव्या क्लचची भुकटी आणि गिअरचा कीस त्यात अडकला की दाब चुकतो, गाडी धोक्याचा दिवा लावून मंद चालीवर येते. डीलरला गिअरबॉक्स उघडायची परवानगी सुरुवातीला नव्हती, त्यामुळे एका झडपेसाठी अख्खा गिअरबॉक्स बदलला जायचा आणि गाडी महिनोन्‌महिने सुट्या भागांची वाट पाहत उभी. म्हणून त्या वर्षांतल्या गाड्यांत पहिला फिल्टर साडेसात हजार मैलांवर बदलायचाच. ते तेलही वेगळं, पेंटोसिन एफएफएल-४, नेहमीचं ऑटोमॅटिकचं तेल यात चालत नाही. पहिले पाचशे मैल तर इंजिनच खालच्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क देत नाही, संगणकाने हात आखडलेला असतो. ट्रॅकवर न्यायची तर आधी दीड हजार मैल होऊ द्या.

संगणकाचं निघालंच आहे तर तेही. कॉर्व्हेट घेऊन तिचा कॅम बदलायचा, एक्झॉस्ट बदलायचा, इंजिनाचा संगणक नव्याने जुळवायचा, हा अमेरिकेतल्या गॅरेजांचा निम्मा धंदा. सी-८ आली ती कुलूपबंद संगणक घेऊन. ट्यूनिंगवाले कितीतरी दिवस दाराबाहेर बसले. क्लचइतका आवाज या तक्रारीचा झाला नाही, पण वजन तेवढंच होतं.

बटणांच्या भिंतीबद्दल मात्र मी जुन्यांच्या बाजूने ठामपणे उभा होतो आणि कंपनीनेच ते मान्य केलं. एसीची सगळी बटणं एका उभ्या ओळीत, डॅशबोर्डपासून सुरू होऊन दोन सीटच्या मधल्या उंच कडेवरून खाली उतरणारी. चालकासाठी ठीक, अंगठ्याने चाचपत सापडतात. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र कुंपणापलीकडे बसवल्यासारखं वाटतं, आणि त्याच्या बाजूच्या सीटचं बटण शोधायला चालकालाच नजर रस्त्यावरून काढावी लागते. २०२६च्या मॉडेलमध्ये ती अख्खी ओळ काढून टाकली, तीन पडदे आले. ही तक्रार आली तेव्हाही 'बदल सोसत नाही' असंच म्हणत होता ना तुम्ही?

सामानाचं रडगाणं मला कधी पटलं नाही. मागच्या डिकीत गोल्फच्या दोन बॅगा किंवा काढलेलं छप्पर मावतं, पुढे एक केबिन बॅग. सी-७मध्ये जागा जास्त होती हे खरं. मागच्या डिकीत आइस्क्रीम ठेवू नका, खाली गिअरबॉक्स आणि सायलेन्सर तापलेले असतात, एवढंच.

झेड-०६ या सी-८च्याच ताकदवान आवृत्तीच्या आवाजाची तक्रार थोडी वेगळी. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेलं साडेपाच लिटरचं एलटी-६ इंजिन सपाट क्रँकचं आहे: पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकचे बाहू ९० ऐवजी १८० अंशांवर. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होतात, क्रँक हलका राहतो, इंजिन ८,६०० पर्यंत फिरतं आणि ६७० हॉर्सपॉवर देतं, तेही टर्बोशिवाय. पण अमेरिकन व्ही-८ची जी गडगड आहे ती आडव्यातिडव्या क्रँकच्या असमान स्फोटांतून येते. ती गेली. नवा आवाज तार स्वरातला, इटालियन. लोक म्हणाले, फेरारीची नक्कल. नक्कल म्हणा, पण ज्यांना गडगड हवी त्यांना साध्या सी-८मध्ये जुन्या धाटणीचं इंजिन मिळतंच आहे. इथे पर्याय ठेवला. क्लचच्या बाबतीत तो ठेवला नाही, माझं दुखणं पुन्हा तिथेच येतं.

"आपल्याकडे कधी येणार?" हे पुण्याहून विचारलं जातं. सी-८ ही कारखान्यातूनच उजव्या स्टीअरिंगची बनलेली पहिली कॉर्व्हेट. ती जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनसाठी. शेव्हरोलेने २०१७मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, तळेगावच्या कारखान्यातून पुढची काही वर्षं बीटसारख्या गाड्या निर्यात होत राहिल्या आणि तोही बंद पडला. सर्व्हिस कोण देणार, गिअरबॉक्सचा फिल्टर कुठून आणणार? खासगी आयात करून आणणारे आणतील. वाट पाहण्यात अर्थ नाही.

बाजू विचारलीत. सी-८ ही कॉर्व्हेटच्या इतिहासातली सगळ्यात चांगली बनवलेली गाडी आहे असं मला वाटतं आणि तिच्यातून क्लच काढणं बरोबर होतं असं मी अजून म्हणू शकत नाही. कारणं सगळी माहीत असूनही. यावर "म्हणजे नक्की काय?" असं विचाराल, तर याहून नेमकं माझ्याकडे काही नाही. जून २०१९मध्ये पुढे इंजिन असलेल्या शेवटच्या कॉर्व्हेटला दानासाठीच्या लिलावात २७ लाख डॉलर आले आणि जानेवारी २०२०मध्ये मागे इंजिन असलेल्या पहिलीला ३० लाख. लोकांचंही ठरलेलं नाही.

अमेरिकेत राहून जुनी घ्यायचं मनात असेल तर हे बघा. सी-७ हातगिअर: क्लचच्या टाकीतलं फ्लुइड, आणि ग्रँड स्पोर्ट किंवा झेड-०६ असेल तर चाकं काढून आतल्या बाजूने तडे, टॉर्च लावून नीट पाहा. ड्राय संपवाल्या (तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) गाडीचं ऑइल इंजिन गरम करून, बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी तपासा. थंड इंजिनावर तेल टाकीतून खाली उतरलेलं असतं, तेल मोजायची पट्टी कमी दाखवते, आणि मागच्या मालकाने त्यावर विसंबून जास्त ओतलेलं असू शकतं. सी-८: सुरुवातीच्या वर्षांतली असेल तर साडेसात हजार मैलांच्या फिल्टरची पावती मागा, नसेल तर भाव पाडा किंवा उठा. साध्या सी-८ला टायर पुढे १९ इंची, मागे २० इंची, पुढचे-मागचे अदलाबदल होत नाहीत, त्यामुळे मागची जोडी लवकर जाते. उन्हाळी टायर असतील आणि गाडी मिशिगनसारख्या थंडीत बाहेर उभी राहिली असेल तर रबराला चिरा शोधा, उणे सात सेल्सिअसखाली ते तडकतात. पुढचा भाग उचलायची सोय असेल तर बटण दाबून बघा. तीनेक सेकंदांत नाक चाळीस मिलिमीटर वर यायला हवं, दोन्ही बाजूंनी सारखं. मग खाली वाकून पुढच्या ओठाची (बंपरखालच्या पट्टीची) खालची कड हाताने चाचपा.